उशाशी : धाप लागणाऱ्याचे मीठ-पाणी

कराडहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांना फुप्फुसाचा जुना विकार आहे. मागच्या महिन्यात छातीत जंतुसंसर्ग होऊन ते आठ दिवस रुग्णालयात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले, ‘दिवसभरात दीड लिटरपेक्षा अधिक पातळ पदार्थ देऊ नयेत.’ शेजारपाजारच्यांचे मात्र म्हणणे असे, की कफ सुटायचा तर पाणी भरपूर हवे. भगिनी लिहितात, ‘उन्हाळ्यातल्या अंकात आपणच भरपूर पाणी पिण्याविषयी लिहिले होते. मग मी कोणाचे ऐकू? मामंजी पाणी मागतात आणि मी नाही म्हणते, तेव्हा मला अपराध्यासारखे वाटते.’

डॉक्टरांचे ऐकावे, एवढे उत्तर पोस्टकार्डावर मावले असते. पण त्या अपराधी वाटण्याला उत्तर द्यायचे तर थोडी अधिक जागा लागेल. दारात आलेल्या परक्या माणसालाही आधी पाणी विचारणारी आपली घरे. तिथे आजारी, वडीलधाऱ्या माणसाला पाणी मोजून द्यायचे, हे सुनेच्या वाट्याला आले तर ते जड जाणारच. शिवाय ही चूक मी स्वतः केलेली आहे. तीही चौतीस वर्षे परिचारिकेचे काम केल्यानंतर, आणि त्यातली अकरा वर्षे छातीच्या विकारांच्या कक्षात काढल्यानंतर.

माझ्या सासूबाईंना दम लागे. घरात सगळे त्याला दमाच म्हणत. प्रत्यक्षात तो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा विकार होता. त्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. पण लग्नानंतरची तीस वर्षे त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात चुलीपुढे काढली. ओले सरपण, शेणी, तुराट्या, आणि फुंकणीने जाळ धरताना डोळ्यांत नि छातीत जाणारा धूर. हा आजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचाच, असा समज अजूनही आहे. कक्षात मी पाहिलेल्या स्त्रियांपैकी कितीतरी जणींचा धूर चुलीचाच होता.

त्या एप्रिलमध्ये सासूबाईंना खोकला वाढला, थोडा ताप आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रतिजैविके दिली, वाफाऱ्याच्या यंत्रातून घ्यायचे औषध वाढवले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९३ येत होता, म्हणून मी निश्चिंत होते. त्यांना अन्न जाईना. भाताची पेज तेवढी घेत, तीही अळणी, कारण रक्तदाब. पाण्याचा मात्र मी धडाकाच लावला होता. उशाशी तांब्या, तासातासाला गरम पाणी, दोनदा काढा, दोनदा चहा, दुपारी शहाळे. कफ पातळ व्हावा हा हेतू.

चौथ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. मी हसले. त्या रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचल्या. पाचव्या दिवशी त्या झोपूनच होत्या. इतक्या रात्री खोकून काढल्या, आता कुठे झोप लागली आहे, असे म्हणून मी दार लोटून घेतले. संध्याकाळी धाकटी मुलगी सांगत आली, ‘आई, आजी चहा बशीत ओतायचा सोडून पाटावर ओततेय.’ तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो. रक्तातले सोडियम आले ११७.

निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. ११७ हा आकडा एखाद्या रुग्णाच्या पत्रकावर असता, तर मी खाटेची कठडी वर करून डॉक्टरांना बोलवायला धावले असते, कारण या पातळीला आकडी येऊ शकते, माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तीच लक्षणे घरात एकामागून एक माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मी प्रत्येकीला वेगळे, घरगुती कारण देत गेले.

‘मीठ कमी झाले’ असे आपण म्हणतो, आणि तिथेच घोटाळा होतो. आमटी नेमकी झालेली आहे, आणि ऐन वेळी चार पाहुणे वाढले म्हणून तिच्यात दोन तांबे पाणी ओतले. आमटी अळणी लागेल. पण पातेल्यातले मीठ कुठे गेले आहे? ते तेवढेच आहे, पाणी वाढले आहे. वृद्धांमध्ये सोडियम उतरते ते पुष्कळदा असे. एरवी जादा पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. पण फुप्फुसाचा दाह झाला, न्यूमोनिया झाला, की काही रुग्णांच्या मेंदूकडून मूत्रपिंडांना ‘पाणी धरून ठेवा’ असा निरोप देणारे संप्रेरक गरज नसताना स्रवत राहते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडांची पातळ लघवी करण्याची शक्ती आणखी कमी होते. क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड ही त्या गोळ्यांतली दोन नावे. कित्येकदा ती दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतात, म्हणून वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचावे. त्यात जेवण सुटले, की लघवीवाटे पाणी वाहून न्यायला लागणारे क्षार आणि प्रथिनांचे अवशेषही अपुरे पडतात. सासूबाईंच्या बाबतीत हे सगळे एकत्र आले होते. वरून मी तांब्या भरत होते.

रक्त असे पातळ झाले, की पाणी पेशींत शिरते. शरीराच्या इतर भागांत पेशी थोड्या फुगल्या तर फारसे बिघडत नाही. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागा नसते. मळमळ, डोके जड होणे, तोल जाणे, नावे-वार विसरणे, गुंगी, ही त्याचीच चिन्हे. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘म्हातारपण’ म्हणण्याची रीत आहे. परंतु म्हातारपण चार दिवसांत येत नाही. परवापर्यंत पंचांग पाहून एकादशी सांगणारी आजी आज वार विसरत असेल, तर ते वय नव्हे, आजार आहे, आणि बहुधा बरा होणारा आजार आहे.

रुग्णालयात त्यांची ती गोळी बंद केली, पाण्यावर मर्यादा घातली, आणि तीन टक्के मिठाचे सलाइन पंपावर अगदी संथ सुरू केले. दर काही तासांनी रक्ताचा नमुना जाई. माझे दीर अस्वस्थ झाले होते. एवढे मीठ कमी आहे तर एकदम का भरून काढत नाहीत, असे ते परिचारिकेला विचारत होते. ती मुलगी घाईत होती, तिने नुसते ‘हळूच द्यायचे असते’ एवढे सांगितले. तिच्या वतीने मी सांगते. मेंदूच्या पेशी काही दिवसांत पातळ रक्ताशी कसेबसे जुळवून घेतात. आता रक्त झटकन दाट झाले, तर त्या पेशींतून पाणी खेचले जाते आणि मज्जातंतूंवरच्या आवरणाला इजा होऊ शकते. बोलणे, गिळणे, हातपाय हलवणे यांवर तिचा परिणाम होतो, आणि तो कायमचाही असू शकतो. म्हणून चोवीस तासांत साधारण ८ ते १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर सोडियम चढू द्यायचे नाही, असा दंडक आहे. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून सोडियम वाढवण्याचा उद्योग करू नये. पेलाभर मिठाच्या पाण्यातही पाणी असतेच, आणि अशा रुग्णाचे पाणी आधीच जास्त झालेले असते. शिवाय दुबळ्या हृदयाला ते मीठ भारी पडते.

जुलाब-उलट्या होत असतील, उन्हाने अंग सुकले असेल, तर गोष्ट उलटी आहे. तिथे पाणी आणि क्षार दोन्ही गेलेले असतात, आणि जलसंजीवनीचे द्रावण वेळेवर दिले तर जीव वाचतो. वाचकभगिनींनी ज्या अंकाचा दाखला दिला, तो उन्हाळ्यात धडधाकट माणसांनी घ्यायच्या काळजीविषयी होता. एका घरातल्या दोघांना दोन वेगळे नियम असू शकतात, हे तेव्हा ठळक लिहायला हवे होते. ती उणीव आमची.

आता पाणी मोजायचे कसे, ते पाहू. सोय अशी करावी, की सकाळी एका बाटलीत डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे, दीड लिटर तर दीड लिटर, पाणी भरून ठेवावे. पिण्याचे पाणी तिच्यातूनच द्यावे. चहा, ताक, सार, पेज, पातळ आमटी, जे काही रुग्णाने घेतले, त्याच्या मापाचे पाणी त्या बाटलीतून काढून झाडाला घालावे. बाटली रिकामी झाली की दिवसाचा वाटा संपला. पेला लहान घ्यावा, सव्वाशे मिलिलिटरचा. दीड लिटरचे त्यात बारा पेले होतात. मोठ्या फुलपात्रात दोन घोट दिले तर माणसाला आपल्याला वंचित ठेवल्यासारखे वाटते, तेवढेच पाणी लहान पेल्यात काठोकाठ भरून दिले तर तसे वाटत नाही. मधूनमधून नुसत्या गार पाण्याच्या चुळा भरून टाकायला द्याव्यात, लिंबाची फोड चोखायला द्यावी. तहान पुष्कळदा तोंड कोरडे पडल्याची असते, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्याचे तोंड कोरडे पडतेच. स्टेरॉइड असलेले तोंडाने ओढायचे औषध घेतल्यावर तर चूळ भरलीच पाहिजे, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

ओठ फुटतात, नाक कोरडे पडते, म्हणून आपण तूप लावतो. रुग्ण नळीने प्राणवायू घेत असेल तर तूप, तेल किंवा पेट्रोलियम जेली नाका-ओठांजवळ लावू नये. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगी भडकते, आणि स्निग्ध पदार्थ तिला साथ देतात. पाण्यावर आधारलेले मलम औषधाच्या दुकानात मागावे. याच कारणाने प्राणवायूचे यंत्र असलेल्या खोलीत निरांजन, समई, उदबत्ती, काडेपेटी काही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर यंत्र तरी हलवावे किंवा देव तरी; देव समजून घेतात. डासांची जळती कॉइल तर फुप्फुसाच्या रुग्णाच्या घरातून हद्दपारच करावी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे आढळले होते. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

प्राणवायूवरून गुंगीचे दुसरे कारण सांगते, कारण ते ओळखले नाही तर तेही घात करते. ऑक्सिमीटर फार गुणी उपकरण आहे. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात त्यामागची कल्पना मांडली, आणि करोनाच्या साथीनंतर ते घरोघरी पोहोचले. पण ते प्राणवायूच तेवढा मोजते. सीओपीडीच्या काही रुग्णांत कर्बवायू पुरेसा बाहेर पडत नाही, आणि तो वाढला तर या उपकरणाला त्याचा पत्ता लागत नाही. अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. घरच्यांना ९० आकडा दिसला की धीर राहत नाही. मुलगा यंत्राची चकती दोनवरून चारवर नेतो, आकडा ९७ होतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. रात्रीतून मात्र कर्बवायू साठत जातो. सकाळी डोके दुखते, तळहात गरम-गरम लागतात, पसरलेले हात पंख फडफडल्यासारखे थरथरतात, डोळे मिटू लागतात. ती चकती म्हणजे औषधाची मात्रा आहे. डॉक्टरांना विचारल्यावाचून तिला हात लावू नये. आणि आकडा पाहायचा तो बोटे गार नसताना, नखरंग पुसून. बोटांवर मेंदीचा गडद थर असेल तर दुसरे बोट किंवा पायाचे बोट बघावे.

उपकरणाआधी श्वास मोजायला शिकावे. रुग्ण शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, सेकंदकाटा असलेल्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट पदराची किंवा पांघरुणाची हालचाल मोजावी. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नये; दमलेल्या माणसाचा श्वास सारखा नसतो. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. जुन्या रुग्णाचा थोडा अधिक असेल, तर त्याचा नेहमीचा आकडा आपल्याला पाठ हवा. तो चार-पाचांनी वाढला तर डॉक्टरांना कळवावे. तीसच्या पुढे गेला, एक वाक्य एका दमात पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा गुंगी आली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

धाप लागलेल्याला आडवे करू नये. खुर्चीत बसवून पुढे स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर दोन्ही कोपरे टेकवून थोडे पुढे झुकू द्यावे. खांदे टेकले की छातीच्या स्नायूंना बळ मिळते. मग नाकाने श्वास घेऊन, बशीतला चहा फुंकून गार करतो तसा ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायला सांगावे. घेताना दोन अंक, सोडताना चार. सासूबाईंना हे शिकवायला मला एक चहा पुरला. आणि तोंडासमोर आपण घोळका करू नये. एकाने समोर बसावे, बाकीच्यांनी खिडकीपासून दूर व्हावे.

सोडियमबरोबर पोटॅशियमचाही विचार ठेवावा लागतो. त्याची पातळी साधारण ३.५ ते ५ असावी. श्वासनलिका मोकळ्या करणारे सालब्युटामोल वाफाऱ्यातून वारंवार घेतले की रक्तातले पोटॅशियम पेशींत ओढले जाते. स्टेरॉइडने आणि लघवीच्या बऱ्याच गोळ्यांनी ते बाहेर जाते. पोटऱ्यांत गोळे येणे, मांड्यांतली शक्ती जाणे, शौचास न होणे, छातीत धडधड होणे अशी त्याची चाहूल लागते. फार उतरले तर श्वासाचे स्नायूही दुबळे होतात, म्हणजे दम लागतो म्हणून घेतलेल्या औषधाच्या अतिरेकानेच दम वाढतो. यावर कोणी केळी नि शहाळी सुचवील. ते प्रत्येकाला चालत नाही. मूत्रपिंड दुबळे असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर पोटॅशियम उलट चढते, आणि चढलेले पोटॅशियम काही न सांगता हृदयाची लय बिघडवते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून मुलाने प्रेमाने आणलेली ती पुडी स्वयंपाकघरात येण्याआधी डॉक्टरांना दाखवावी. तपासणी केल्याशिवाय यातले काहीच बाहेरून ओळखता येत नाही. छातीचा आजार बळावला, जेवण तीन दिवस सुटले किंवा वागण्यात फरक पडला, तर रक्तातल्या क्षारांची तपासणी करायची का, हे आपण होऊन डॉक्टरांना विचारावे. ती महागडी नाही.

एक वही घालावी. श्वास, ऑक्सिमीटर, किती प्याले, लघवी किती वेळा, काय खाल्ले, आणि शक्य तर सकाळचे वजन. वहीत रोज एक प्रश्नही असावा. ‘बरं वाटतंय का?’ हा प्रश्न मात्र निरुपयोगी आहे, घरच्यांना त्रास नको म्हणून आपली वडील माणसे ‘बरं आहे’ म्हणणारच. त्याऐवजी ‘आज वार कोणता?’, ‘काल रात्री भाजी कोणती होती?’ असे बोलता बोलता विचारावे. उत्तर चुकले तर हसू नये. मी हसले होते.

सासूबाई तेरा दिवसांनी घरी आल्या. दोन दिवस त्यांना मधले काहीच आठवत नव्हते. मग हळूहळू सगळे जागेवर आले, एकादश्यांसकट. त्यांना सव्वा लिटरची मर्यादा होती, म्हणजे दहा पेले. पहिल्या आठवड्यात त्या माझ्यावर रुसल्या होत्या. ‘पोरी, घोटभर पाण्याला महाग केलंस गं मला,’ हे शब्द मला जेवताना आठवत. मग एक दिवस मी ती बाटली, तो पेला आणि वही त्यांच्याच उशाशी ठेवली आणि म्हटले, ‘आई, हिशेब तुम्हीच ठेवा.’ तीस वर्षे किराण्याचा हिशेब ठेवलेली बाई ती. वहीत त्यांनी दहा रेघा मारल्या, आणि दुपारपर्यंत चारच खोडल्या. विचारले तर म्हणाल्या, ‘संध्याकाळी वन्सं येणार आहेत. तिच्यासमोर चहा नाही म्हणू का? दोन पेले राखून ठेवलेत.’

कराडच्या भगिनींनी मामंजींच्या हाती बाटली देऊन पाहावी. आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर मला लिहून कळवावे.